कॉलेजच्या मंडळांमधल्या राखीव जागा न्याय्य आहेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजात मी बरीच वर्षं सांस्कृतिक विभागाचं काम पाहिलं. गॅदरिंग, एकांकिका, भित्तिपत्रक, युवा महोत्सव आणि विद्यार्थी परिषद, सगळं त्यात आलं. दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये मुलंमुली तेच प्रश्न घेऊन यायची. कुणी रागाने विचारायचं, कुणी दबक्या आवाजात, स्टाफरूमच्या दाराबाहेर थांबून. त्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहिली आहेत. माझी मतं ठाम आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

नेमक्या कुठल्या राखीव जागांबद्दल बोलतोय आपण?

इथे तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, आणि निम्मी भांडणं त्यातूनच होतात.

एक, कायद्याने ठरलेली विद्यार्थी परिषद. दुसरी, कॉलेजच्या पैशावर आणि नावावर चालणारी मंडळं: नाट्यमंडळ, वाङ्मय मंडळ, महोत्सवाची कोअर टीम, वार्षिक अंकाचं संपादक मंडळ. तिसरी, चार मित्रांनी स्वतःच्या खिशातून चालवलेला ग्रुप, म्हणजे रविवारी गडावर जाणारी टोळी किंवा पुस्तकं वाचून चर्चा करणारे पाच-सहा जण. पहिल्या ठिकाणी राखीव जागा असल्याच पाहिजेत. तिसऱ्या ठिकाणी त्यांचा काही संबंध नाही. दुसरं ठिकाण अवघड आहे, म्हणून पुढची बरीच उत्तरं त्याच्याबद्दल आहेत.

विद्यार्थी परिषदेबद्दल कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत थेट मतदानाने निवडायची पदं दिली आहेत: अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि राखीव प्रवर्गातला एक प्रतिनिधी. हा चौथा प्रतिनिधी अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि इतर मागासवर्ग या चार गटांतून आळीपाळीने यायचा असतो. वर्गप्रतिनिधी वेगळे. शिवाय एनएसएस, एनसीसी, खेळ आणि सांस्कृतिक कामातले विद्यार्थी नेमले जातात.

विद्यापीठाच्या अधिसभेतही (सिनेटमध्ये) हेच तत्त्व आहे. नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागांपैकी पाच राखीव असतात. म्हणजे ही काही एखाद्या प्राचार्यांच्या मनात आलेली कल्पना नाही.

पण निवडणुका तर होतच नाहीत!

खरं आहे. 1989 मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला. कॉलेज निवडणुकांतला हिंसाचार हा त्यानंतर राज्यभर चर्चेचा विषय झाला आणि पुढे खुल्या निवडणुका बंद झाल्या. 1994 च्या कायद्याने गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली. वर्गात पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी. 2016 च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या. 2019 मध्ये त्या घ्यायचं ठरलं, मग पुढे ढकललं, आणि मग करोना आला.

या काळाने एक गोष्ट मात्र दाखवून दिली. पहिल्या येणाऱ्यालाच प्रतिनिधी करायचं, या नियमात कुणाचीही जात विचारलेली नव्हती. तरी वर्षामागून वर्षं परिषदेच्या टेबलाभोवती साधारण सारख्याच घरांतली, सारख्याच शाळांतून आलेली मुलं बसलेली मी पाहिली. त्यांचा दोष नव्हता. मार्क त्यांनी मेहनतीनेच मिळवले होते. पण हॉस्टेलच्या पाण्याबद्दल, स्कॉलरशिप रखडल्याबद्दल, शेवटची यष्टी साडेसहाला सुटते म्हणून प्रॅक्टिकलची वेळ बदलण्याबद्दल त्या टेबलावर कुणी बोलत नव्हतं. तिथे बसलेल्यांपैकी कुणाला ती यष्टी पकडायचीच नव्हती.

चार पदांमध्ये एक महिला आणि एक मागासवर्गीय, ही विभागणी योग्य आहे का?

तत्त्व योग्य आहे, प्रमाण अपुरं आहे. देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांमध्ये मुली जवळजवळ निम्म्या आहेत. 2021-22 च्या अखिल भारतीय पाहणीत एकूण 4.33 कोटी विद्यार्थ्यांपैकी 2.07 कोटी मुली होत्या. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत 2011 पासून महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. गावात आई सरपंच होऊ शकते आणि कॉलेजात मुलीसाठी मात्र चारात एकच खुर्ची, हे मला पटत नाही.

आळीपाळीची अडचण त्याहून मोठी आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चार गट, एक खुर्ची, दर वर्षी एका गटाची पाळी. पदवी तीन वर्षांची. म्हणजे एखादी आदिवासी मुलगी प्रथम वर्षाला आली आणि त्याच्या आदल्याच वर्षी तिच्या गटाची पाळी होऊन गेली असेल, तर तिचं सगळं कॉलेज संपेपर्यंत ती खुर्ची तिच्या गटाकडे परत येणारच नाही. कागदावर चारही गटांना न्याय दिसतो. त्या एका मुलीच्या आयुष्यात तो पोहोचतच नाही.

अ‍ॅडमिशनला आरक्षण मिळालंच की. मग नाटकात, महोत्सवात परत कशाला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला, तोही बहुतेक वेळा वाईट हेतूने नाही. म्हणून सविस्तर सांगतो.

अ‍ॅडमिशन म्हणजे गेटमधून आत येणं. आत आल्यावर कॉलेजचं दुसरं एक आयुष्य सुरू होतं. त्याची कुठलीही मेरिट लिस्ट लागत नाही. कॅन्टीनमध्ये कुठल्या टेबलावर बसता येतं, नोट्स कुणाकडून मिळतात, 'आज ऑडिशन आहे' हे कुणाला आधी कळतं, इंटर्नशिपसाठी सीनियर कुणाचं नाव सुचवतात. नोकरीच्या मुलाखतीत 'कॉलेजात आणखी काय केलंत?' असं विचारतात, त्याचं उत्तर या दुसऱ्या आयुष्यात तयार होतं.

या दुसऱ्या आयुष्यातही जात येते. एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारी तपासायला प्रा. सुखदेव थोरात यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल 2007 मध्ये आला. वर्गातल्या वागणुकीबरोबरच हॉस्टेल, मेस आणि खेळ इथेही दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसं वेगळं पाडलं जातं, हे त्यात नोंदवलेलं आहे. मुंबईत 22 मे 2019 रोजी डॉ. पायल तडवी या आदिवासी मुलीने आत्महत्या केली; सीनियरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप होता. ती पदव्युत्तर शिक्षण घेत होती. प्रवेश तिला मिळालेलाच होता.

'कॅटेगरीवाला', 'फ्रीशिपवाली', 'कोट्यातून आलाय' हे शब्द कुठे ऐकू येतात? प्रवेश समितीच्या कार्यालयात नाही. कट्ट्यावर, तालमीच्या हॉलमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. म्हणून अ‍ॅडमिशनच्या आरक्षणाने कॉलेजातला बाकीचा हिशेब आपोआप चुकता होत नाही.

नाटकाला माणूस अभिनयावर घ्यायचा की जातीवर? गुणवत्तेचं काय?

अभिनयावरच घ्यायचा. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण ऑडिशनला आपण अभिनय बघतो की आणखी काही, हे तपासून पाहा. आमच्याकडे पाच सीनियर मुलं निवड करायची. वाचायला एक उतारा द्यायची, नेहमी पुस्तकी प्रमाण मराठीतला. नंदुरबारकडून आलेला एक मुलगा तो उतारा अडखळत वाचायचा. निवड करणारे एकमेकांकडे बघायचे आणि वहीत लिहायचे: 'भाषा शुद्ध नाही'. 'न' आणि 'ण' यावरून मुलं बाद झालेली मी पाहिली आहेत. त्याच मुलाला हॉस्टेलच्या गच्चीवर आपल्या बोलीत गावच्या पाटलाची नक्कल करताना मी पाहिलं तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं तो माझ्यासमोर होता आणि माझ्या नाट्यमंडळात नव्हता.

आणि मराठी एकांकिकेला आज नवं पाणी कुठून येतंय? वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, मराठवाड्याची बोली, आगरी, इथूनच. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालू आहे. अशा स्पर्धांना नियमित जाणाऱ्या कुणालाही विचारा, रंगमंचावर बोली आली की प्रेक्षागृह कसं सावरून बसतं ते. ज्याला आपण 'अशुद्ध' म्हणून दारातून परत पाठवतो, तीच भाषा पुढे बक्षीस घेऊन येते.

तेव्हा गुणवत्तेचा आग्रह धराच. फक्त मोजपट्टी कुणाच्या घरातून आणली आहे, तेही बघा.

म्हणजे नाट्यमंडळात टक्केवारी ठरवायची?

नाही. इथे माझं मत अनेक मित्रांना आवडत नाही, तरी सांगतो. छोट्या, कौशल्याच्या गटात सदस्यांची टक्केवारी ठरवू नये.

पहिलं कारण साध्या गणिताचं. राज्यातल्या आरक्षणात अनुसूचित जातींना 13 टक्के, जमातींना 7, इतर मागासवर्गाला 19, विमुक्त जातींना 3, आणि भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग धरून एकूण 52 टक्के होतात. हजारो जागांच्या नोकरभरतीत हे आकडे चालतात. बारा जणांच्या एकांकिकेत 13 टक्के म्हणजे दीड माणूस आणि 3 टक्के म्हणजे माणसाचा तिसरा हिस्सा. असा हिशेब मांडायला बसलात की तालीम बाजूला राहते.

दुसरं कारण मी अनुभवातून शिकलो, आणि ते माझ्या चुकीतून. एका वर्षी 'आपल्या संघात सगळ्या थरांतली मुलं दिसली पाहिजेत' म्हणून मी एका मुलाचं नाव शेवटच्या क्षणी यादीत घातलं. मुलगा चांगला होता, त्याची निवड तशीही व्हायला हवी होती. पण मी कारण चुकीचं दिलं, आणि तेही इतरांसमोर. त्याला ते कळलं. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. भेटल्यावर एवढंच म्हणाला, "सर, मला नाटकात काम करायचं होतं. तुम्ही मला यादीत टाकलंत." तो परत आला नाही, आणि मी आजही त्याच्या त्या वाक्याला उत्तर देऊ शकत नाही.

मग दुसऱ्या प्रकारच्या मंडळांत करायचं तरी काय?

निवड होणाऱ्यांत नव्हे, निवड करणाऱ्यांत जागा राखा. मला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

ऑडिशन कोण घेतं, पैसे कुणाच्या सहीने खर्च होतात, वेळ कोण ठरवतं, या तीन ठिकाणी वेगवेगळ्या घरांतली मुलंमुली असतील तर खालची बरीच दारं आपोआप उघडतात. पाच जणांच्या निवड समितीत आम्ही दोन जागा राखल्या: एक हॉस्टेलवर राहणाऱ्यासाठी, एक आधीच्या वर्षी कुठल्याही मंडळात नसलेल्यासाठी. शिवाय समितीत किमान दोन मुली. सुरुवातीला कुरकुर झाली, नंतर थांबली.

त्या नव्या समितीने आम्हाला ज्या गोष्टी दाखवल्या, त्या मला वीस वर्षं शिकवूनही दिसल्या नव्हत्या.

तालीम रात्री आठला सुरू व्हायची. मुलींच्या वसतिगृहाचं दार त्याआधी बंद व्हायचं आणि गावाहून ये-जा करणाऱ्यांची यष्टी निघून गेलेली असायची. कुणालाही 'येऊ नकोस' म्हटलेलं नव्हतं. वेळेनेच त्यांना बाहेर ठेवलं होतं. तालीम दुपारी अडीचला आणली.

कपडेपट आणि प्रवासासाठी प्रत्येकी वर्गणी काढायची पद्धत होती. ती वर्गणी ज्याला जड होती तो मुलगा 'मला वेळ नाही' म्हणायचा. पैसे नाहीत असं वीस वर्षांचा मुलगा चारचौघांत सांगत नाही. वर्गणी बंद केली आणि खर्च सांस्कृतिक शुल्कातून केला. ते शुल्क तर सगळ्यांकडूनच घेतलेलं असतं!

ऑडिशनची खबर जुन्या सदस्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरायची. आता नोटीस बोर्डावर आणि प्रत्येक वर्गात जाऊन सांगायची, किमान आठ दिवस आधी. उतारा आपल्या बोलीत, आपल्या आवडीचा आणायला परवानगी दिली. तालमीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती, ती तळमजल्यावर आणली, कारण समितीतल्या एका मुलीची मैत्रीण कुबड्या घेऊन चालायची. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांसाठी किमान 5 टक्के जागा आहेत. त्या जागेवर आलेली मुलगी तीन जिने चढून तालमीला येणार नाही, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं.

आमच्याकडे महिला प्रतिनिधी आहे, पण तिला फक्त रांगोळी आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला बोलावतात. असल्या राखीव जागेचा उपयोग काय?

तशीच चालवली तर काही उपयोग नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने मला हेच सांगितलं होतं: "सर, मी एलआर (लेडीज रिप्रेझेंटेटिव्ह) आहे, पण मीटिंग झाली हे मला फोटो बघून कळतं."

उपाय असा: पदाबरोबर काम आणि अधिकार लिहून द्या. महिला प्रतिनिधीची सही नसेल तर खर्चाचं बिल मंजूर होणार नाही, एवढा एक नियम प्राचार्यांनी केला तरी तिला बैठकीला बोलवावंच लागतं. गावागावांत सरपंचबाईंच्या नावावर नवरे कारभार करायचे, अजूनही काही ठिकाणी करतात. पण त्याच राखीव जागांवरून नंतर स्वतःच्या बळावर उभ्या राहिलेल्या बायकाही आपण पाहिल्या आहेत. काही ठिकाणी खुर्ची पोकळ निघाली म्हणून खुर्चीच काढायची, हे मला मान्य नाही.

सदस्यांची जात विचारायची कशी? ऑडिशनच्या फॉर्मवर रकाना ठेवायचा का?

अजिबात नाही. परिषदेच्या राखीव पदासाठी उमेदवाराचा प्रवर्ग कार्यालयाच्या नोंदीतून तपासला जातो, तेवढं पुरे. मंडळांच्या फॉर्मवर तो रकाना ठेवलात की ज्यांना तुम्ही आत आणू बघता त्यांनाच आधी उघडं पाडता.

हॉस्टेलवर राहता की घरी, कॉलेजला पोहोचायला किती वेळ लागतो, आधी कुठल्या मंडळात काम केलंय का, हे प्रश्न विचारायला हरकत नाही. निवड समितीतल्या जागाही आम्ही अशाच गोष्टींवर राखल्या, जातीवर नव्हे. याने जातीचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हे मला माहीत आहे. शहरातल्या सधन दलित मुलालाही कट्ट्यावर टोमणे ऐकावे लागतात, आणि त्याला यष्टीची अडचण नसते. म्हणूनच परिषदेतली प्रवर्गाची राखीव जागा तिथे राहिलीच पाहिजे. दोन्ही गोष्टी लागतात.

आंबेडकर अभ्यास मंडळ, आदिवासी विद्यार्थ्यांचा ग्रुप, मुलींचा गट चालतो. मग 'आमच्या समाजाचा' ग्रुप का चालत नाही?

या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्राच्या वसतिगृहांच्या इतिहासात सापडतं. तो प्रत्येक कॉलेजात शिकवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

कोल्हापुरात 1896 मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी म्हणून एक वसतिगृह सुरू झालं. नियमाने ते सगळ्यांना खुलं होतं. प्रत्यक्षात ते उच्चवर्णीय विद्यार्थ्यांचंच होऊन बसलं. हा अनुभव घेतल्यावर शाहू महाराजांनी वेगळा मार्ग धरला. 1901 मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच सुमारास जैनांसाठी, पुढे लिंगायत, मुस्लिम, आणि 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. एकेका समाजासाठी वेगळं घर. नोकऱ्यांतल्या पन्नास टक्के जागा मागास वर्गांसाठी राखण्याचा 26 जुलै 1902 चा हुकूमही याच काळातला. सगळ्यांना एकत्र ठेवायची इच्छा नव्हती म्हणून ही घरं वेगळी झाली नाहीत. 'सर्वांना खुलं' म्हटल्यावर कोण आत राहतं आणि कोण बाहेर पडतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढचं पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांचं. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातीधर्मांच्या मुलांचं एकच वसतिगृह. मुलं एकत्र राहायची, एकत्र स्वयंपाक करायची, एका पंगतीला बसायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असं नामकरण झालं.

मला यातून असं दिसतं की वेगळं घर ही मधली पायरी असते. बाहेर अपमान होत असेल तर माणसाला आधी चार आपली माणसं लागतात, तिथे पाठीला कणा येतो. आदिवासी विद्यार्थ्यांच्या गटाचं काम तेच आहे. ज्यांना कॉलेजच्या प्रत्येक मंडळात आधीच जागा आहे, त्यांनी जातीच्या नावाने आणखी एक ग्रुप काढला तर त्यातून कुणाची कुठली अडचण सुटते? हे त्यांनी मला सांगावं, मी ऐकायला तयार आहे. आणि अभ्यास मंडळांनाही माझी विनंती असते की दार सगळ्यांसाठी उघडं ठेवा. आंबेडकर वाचायला सवर्ण मुलगा आला तर त्याला आधी बसू द्या.

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्येही कोटा हवा का?

नको. संघटना करण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम 19 ने दिलं आहे आणि मैत्री कुणाच्या हुकमाने होत नाही. फक्त कॉलेजचं नाव, बस किंवा निधी वापरलात की तो तुमचा खासगी ग्रुप उरत नाही. मग वरची सगळी उत्तरं तुम्हालाही लागू.

बाहेरच्या जगात, म्हणजे ऐच्छिक संस्थांमध्ये, असं कुठे असतं?

तुमच्या घराच्या खालीच असेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानुसार हाउसिंग सोसायटीच्या अकरा जणांच्या कमिटीत पाच जागा राखीव असतात: दोन महिलांसाठी, आणि अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्ग यांच्यासाठी प्रत्येकी एक. सर्वोच्च न्यायालयाच्या वकिलांची बार असोसिएशन ही तर वकिलांची स्वतःची संघटना. 2 मे 2024 रोजी न्यायालयाने तिच्या कार्यकारिणीत महिलांसाठी किमान एक तृतीयांश जागा ठेवायला सांगितल्या: नऊ जणांच्या कार्यकारिणीत किमान तीन, ज्येष्ठ सदस्यांच्या सहा जागांत किमान दोन. लक्षात घ्या, ही राखीव जागा सदस्यत्वात नाही. ती कारभार करणाऱ्यांत आहे.

ओपनमधल्या गरीब मुलाचं काय? त्याला तर कुठेच जागा नाही.

प्रश्न खरा आहे. अल्पभूधारक शेतकऱ्याचा मुलगा, मग तो कुठल्याही जातीचा असो, वर्गणी भरू शकत नाही आणि साडेसहाच्या यष्टीने जातो. वर सांगितलेले बदल, म्हणजे दुपारची तालीम, वर्गणी बंद, उघडी नोटीस आणि हॉस्टेलवाल्यांची जागा, यांचा फायदा त्यालाही तेवढाच मिळतो. आमच्याकडे मिळाला. तसंच मुस्लिम विद्यार्थ्यांचं. त्यांच्यातले अनेक जण इतर मागासवर्गात येतात, पण जे येत नाहीत त्यांना परिषदेच्या आळीपाळीत कधीच पाळी नाही. एकट्या राखीव पदाने हे सगळं भरून निघत नाही.

पण एक सांगतो. 'गरिबी बघा, जात बघू नका' हे वाक्य ज्यांच्या तोंडी मी सर्वाधिक ऐकलं, त्यातल्या फार थोड्यांनी गरीब मित्राची वर्गणी भरली होती.

अमेरिकेत तर हे सगळं बंद झालं ना? मग आपण का धरून बसलोय?

तिथे प्रवेशातला ठरावीक वांशिक कोटा 1978 मध्येच, बाकी (Bakke) नावाच्या उमेदवाराच्या खटल्यात, अवैध ठरला होता. 2023 मध्ये प्रवेश देताना वंशाचा विचार करण्यावरही सर्वोच्च न्यायालयाने बंदी आणली. दोन्ही निकाल प्रवेशाबद्दलचे आहेत, क्लबांबद्दलचे नाहीत. क्लबांचा वाद तिथे वेगळाच झाला: फक्त पुरुषांच्या किंवा फक्त स्त्रियांच्या खासगी क्लबांत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना नेतृत्वाची पदं द्यायची नाहीत, असं हार्वर्डने 2016 मध्ये जाहीर केलं आणि 2020 मध्ये ते मागे घेतलं. आपलं संविधान वेगळं आहे. कलम 15 मध्येच स्त्रियांसाठी आणि मागास वर्गांसाठी विशेष तरतुदी करायची मुभा आहे. तिकडच्या निकालावरून इकडचा निवाडा करता येत नाही.

माझ्यावर अन्याय झालाय. कुणाकडे जायचं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2012 च्या समता विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभाव-विरोधी अधिकारी असावा असं सांगितलं आहे. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, हे लेखी विचारा. तक्रारही लेखी द्या, पोच घ्या. तारीख, जागा, काय बोललं गेलं आणि कोण हजर होतं, एवढं त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. एकटं वाटत असेल तर एखाद्या विश्वासाच्या शिक्षकाला बरोबर न्या. असा एक तरी शिक्षक प्रत्येक कॉलेजात असतो.

मी राखीव जागेवरून परिषदेत आले आहे. सगळे 'कोट्यातली' म्हणतात. मला तिथे बोलायचीही भीती वाटते. काय करू?

ताई, त्या जागेवर तुझा हक्क आहे. कुणी तुझ्यावर उपकार केलेले नाहीत.

पहिल्या बैठकीत भाषण करायची गरज नाही. तीन गोष्टी कर. मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचायला माग. यावर्षीच्या सांस्कृतिक शुल्काचे किती रुपये जमले आणि कशावर खर्च होणार, त्या जमाखर्चाची वही माग. आणि पुढची बैठक किती वाजता आहे ते विचारून, तुझी बस त्याआधी सुटत असेल तर वेळ बदलायला सांग. इतिवृत्तात तुझं म्हणणं लिहिलं गेलंय का, ते सही करण्याआधी स्वतः वाचून बघ.